बहगतच्या वाटचा चहा

आमच्या गल्लीत घरी आलेल्याला चहा दिला नाही, तर त्याचा अर्थ एकच होतो. पलीकडच्या आळीतल्या एकाने माझ्या चुलत सासऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं होतं, तेव्हापासून एकवीस वर्षं त्यांच्यातल्या कुणाला आमच्याकडे चहा मिळाला नाही. समेट झाला त्या दिवशी पहिला पेला मीच ओतला, आणि तेव्हा कुठे माणसं मोकळी रडली. तर असा आमच्याकडचा चहा. आणि तरीही कुठलंही वैर नसताना मी एका बाईला तोंडावर चहा नाकारला, वर अख्ख्या गल्लीला नाकारायला लावला. ती बाई म्हणजे फौकिया.

फौकिया ही गुऱ्हाळातल्या अब्देल गवादची मुलगी. आमच्या नाईलकाठी, मल्लावीच्या बाजूला ऊस चिक्कार, तेव्हा गुऱ्हाळंही चिक्कार, आणि अब्देल गवाद जन्मभर कढईतली काकवी ढवळत राहिला. काकवीला आम्ही काळा मध म्हणतो. मुलीला त्याने शाळेत घातलं, पुढे लग्न लावून दिलं. जावई उसाच्या ट्रकवरून पडून गेला तेव्हा फौकिया चौतीस वर्षांची होती आणि पदरात एक मुलगी. मग सरकारी दवाखान्याला लिहिता-वाचता येणारी, घरोघर फिरायला न लाजणारी बाई हवी होती, आणि अशी बाई आमच्या गावात एकच निघाली.

दिसायला उंच, हाडकुळी, पाय पुरुषासारखे मोठे. खांद्याला आकड्याचा तराजू आणि त्याला एक कापडाची झोळी. त्या झोळीत पोरं टांगून वजन करायची. पहिल्यांदा दारात आली तेव्हा मी म्हणाले, "काय गं, बोकड घ्यायला आलीस की काय?" ती म्हणाली, "बोकडाला तू रोज नीट चारतेस, उम्म शौकी. मी माणसांची पोरं बघायला आलेय." उम्म शौकी म्हणजे शौकीची आई, मी. झोंबल्या मिरच्या! पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. तिला तासभर ओसरीवरच बसवलं.

तिची एक खोड होती, अगदी वाईट. घरात शिरली की आधी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलायची. विचारणं नाही, काही नाही. आत वाकून बघायची आणि म्हणायची, "मसूर आहे की! मग बाळाला का नाही?" दुसऱ्याच्या भांड्यात डोकावणाऱ्या बाईला आम्ही काय म्हणतो ते इथे सांगण्यासारखं नाही. मी ते तिला तोंडावर म्हटलंय. ती हसली.

आणि मग तिचं सुरू व्हायचं. सहा महिने झाले की आईचं दूध एकटं पुरत नाही. मसूर घोटून द्या, वर लिंबू पिळा. कोंबडी कापली की कलेजी बाप्याच्या ताटात टाकू नका, पोरासाठी कुस्करून ठेवा, चिमूटभर का होईना. अंड्याचा बलक द्या. तिळाच्या लगद्यात काळा मध कालवून चाटवा. तिथवर आम्ही ऐकून घेतलं. पण नंतर ती म्हणाली, "आणि चहा बंद."

गल्लीत हलकल्लोळ! शेजारची उम्म हिलाल कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मग पाजू काय त्याला? नाईल?"

कारण आमच्याकडे पोराला दात आला की त्याचा पेला येतो. छोटा असतो, पण स्वतःचा. दुपारच्या नमाजानंतर शेगडीवर चहा उकळायचा, चांगला लाल-काळा होईस्तोवर, साखर सढळ हाताने, आणि माणसं मोजून पेले. त्यात एक पेला पोराचा. बत्तावची भाकरी कडक असते, ती त्यात बुडवून मऊ करायची आणि भरवायची. काळजाला ऊब येते, पोट हलकं राहतं, पोर शांत झोपतं. माझ्या सासूने तसं केलं, तिच्या सासूने केलं.

मी फौकियाला म्हटलं, "माझी पाच लेकरं ह्याच चहावर वाढली."

ती म्हणाली, "त्यातली जगली किती?"

तीन. पण ते मी तिला का सांगू? त्या दिवशी मी तिला हाताला धरून बाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ती गेल्यावर मात्र भाकऱ्या थापताना माझा हात दोनदा भाजला.

आता बहगतचं सांगते. बहगत म्हणजे माझ्या शौकीचा मुलगा, पहिला नातू. शौकी कैरोला सिमेंटच्या कामावर, महिन्या-दोन महिन्यांनी येणार. घरात मी, सून इन्साफ आणि हे बाळ. जन्मला तेव्हा असा गुटगुटीत की मी त्याला चारचौघींत उघडा करत नसे, नजर नको लागायला म्हणून. पण वर्षाचा होता होता पोर फिकं पडलं. ओठ पांढुरके, कानाच्या पाळ्या मेणासारख्या. खेळायचं नाही, नुसतं बसायचं. उभं केलं की मटकन खाली. आणि कधी रांगलंच तर थेट मातीच्या भट्टीकडे. भट्टीची कड चाटायचं. नखाने ढलपी काढून तोंडात घालायचं.

"सगळीच पोरं माती खातात," मी म्हणायचे. इन्साफ बोलायची नाही. सून गरीब गाय. एकदाच हळूच म्हणाली, "अम्मा, फौकियाखाला म्हणतात माती खाणं म्हणजे रक्त कमी." मी म्हटलं, "फौकियाखालाला म्हणावं, आधी स्वतःचं घर सांभाळ."

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मल्लावीहून डॉक्टरीण यायची. तिच्याकडे एक छोटं यंत्र होतं, बोटाला टोचलं की रक्ताचा आकडा दाखवायचं. बहगतचा आकडा आला आठ. अकराच्या वर हवा होता. डॉक्टरीणबाईंनी लोहाचे थेंब दिले आणि फौकियाला सांगितलं, लक्ष ठेव. फौकियाने मला दहा वेळा बजावलं: रोज द्यायचे, चुकवायचे नाहीत.

आणि मी चुकवले नाहीत हो. अल्लाची शप्पथ, एक दिवस चुकवले नाहीत. दोन महिने. इन्साफच्या हातून सांडतील म्हणून मी स्वतः द्यायचे.

दोन महिन्यांनी आकडा आला साडेसहा.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा टोचून बघितलं. छातीला नळी लावली. म्हणाल्या, "ह्याचं काळीज धावतंय. थेंब देता ना?" मी म्हटलं, "एक दिवस चुकला नाही." "मग जातंय कुठे सगळं?" त्या कागदावर लिहीत म्हणाल्या, "एक महिना बघते. वर आला नाही, तर मिन्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवून रक्त चढवावं लागेल. मध्येच ताप आला, धाप लागली, तर महिनासुद्धा थांबू नका. असं पोर एका साध्या तापात जातं."

जातं. एवढंच म्हणाल्या. मी दोन पुरलीत, मला त्या शब्दाचा अर्थ सांगायला नको. आणि तेव्हा मी काय केलं? सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "सुनेचं दूधच पातळ आहे, मी काय करू?" इन्साफने ओढणीचा पदर तोंडात कोंबला आणि घरापर्यंत तशीच चालत आली. फौकिया नुसती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी, तिच्या येण्याची वेळ नसताना, ती दारात हजर. दुपारचा नमाज नुकताच झाला होता. शेगडीवर चहा उकळत होता, मी पेले मांडले होते, आणि बहगतच्या पेल्यात थेंब टाकून चमच्याने ढवळत होते.

"हे काय?" फौकिया म्हणाली.

"औषध. बघ, देतेय ना? उगाच संशय घेत फिरू नकोस."

"चहात?"

"मग? कडू जहर असतं ते. नुसतं दिलं तर थुंकतं पोर. चहात गोड लागतं, घटाघट पितं." मला तर वाटत होतं, ती माझ्या शहाणपणाचं कौतुक करील.

फौकिया खाली बसली. मग म्हणाली, "एक पेला साध्या चहाचा दे. शेजारी हा ठेव." मी ठेवला. साधा चहा लालसर, उन्हात चमकत होता. आणि थेंबांचा चहा काळा. काळा म्हणजे शाईची दौत. मी रोज तो रंग बघत होते, आणि मला वाटायचं औषध कडक आहे.

"औषधातलं लोह होतं ना," ती हळू आवाजात म्हणाली, "ते तुझ्या चहाने धरून ठेवलं. आता ते बहगतच्या रक्तात उतरायचं नाही. वरून आलं तसं खालून जाणार. मसूर दिलास, कलेजी दिलीस, तरी वर चहा पाजलास की त्यातलंही असंच अडकणार."

"दोन महिने?" मी विचारलं.

"दोन महिने."

आतल्या खोलीत इन्साफ बहगतला मांडीवर घेऊन बसली होती, तिला सगळं ऐकू गेलं असणार. ती बाहेर आली नाही. येऊन भांडली असती तर बरं झालं असतं. मी काल तिच्या दुधाला नाव ठेवलं होतं, चारचौघींत.

मी फौकियाला म्हटलं, "शौकीला सांगणार तू?"

"काय सांगू? आजीने एक दिवस औषध चुकवलं नाही, हे सांगू?" ती म्हणाली. "खरंच आहे ते."

मग तिने तो शाईसारखा पेला उचलून भट्टीच्या राखेत ओतला. साधा पेला उचलायला गेली तसा माझा हात आपोआप आडवा आला. चांगला चहा ओतून टाकायचा नसतो, घराची बरकत जाते. मेलं, एवढं झालं तरी सवय सुटते का?

फौकियाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बहगतच्या वाटचा ना हा?"

"हो."

तिने तो उचलला आणि घटाघट पिऊन टाकला. पेला उपडा ठेवला. "आजपासून हा माझा. तुला बंद कर म्हणून सांगितलं तर तू हो म्हणशील, आणि मी वळले की ओतशील. तुझा दोष नाही, चाळीस वर्षांचा हात आहे. ओतला की तो कुणाच्या तरी घशात जाणार. तर माझ्या जाऊ दे. रोज ह्या वेळेला येईन."

मी म्हटलं, "रोज? तुला बाकी उद्योग नाहीत?"

"आहेत की. त्यातलाच हा एक."

आणि आली हो. खरंच रोज आली. ऊन असो, खमसीनच्या गरम वाऱ्याची धूळ असो, दुपारचा नमाज झाला की तिच्या चपलांचा फटफट आवाज. पहिले चार दिवस बहगतने घर डोक्यावर घेतलं. आपला पेला दुसरीच बाई पितेय हे त्याला दिसत होतं ना! दोन्ही हात पुढे करून "दे! दे!" म्हणून किंचाळायचा. रडायला त्याने आ केला की फौकिया मसुराचा चमचा आत सारायची. तो थुंकायचा, ती पुन्हा सारायची. तिच्या कपड्यांवर, माझ्या भिंतीवर, मांजराच्या अंगावर, सगळीकडे मसूर. "थुंक बाबा," म्हणायची, "दहातला एक तरी चुकून गिळशील." थेंब सकाळी लिंबाच्या सरबतात द्यायला सांगून ठेवलं होतं तिने. कलेजी कुठून तरी आणायची, कागदात गुंडाळलेली, अंगठ्याएवढी. काळा मध बापाच्या गुऱ्हाळातला. आणि मी माझ्या चार कोंबड्यांची अंडी बाजारात धाडायची बंद केली.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. बहगत जरा कढत लागला की मी रात्रभर त्याच्या उशाशी. इन्साफ माझ्याशी बोलायची, पण "हो अम्मा, नाही अम्मा" एवढंच. एक दिवस मीच तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "तुझं दूध पातळ नव्हतं. माझी अक्कल पातळ होती." ती रडली, मीही रडले. बहगतने तेवढ्यात मांजराची शेपटी ओढली. आम्ही दोघी रडायच्या थांबलो आणि बघत राहिलो, कारण चार महिन्यांत त्याने कशाचीही शेपटी ओढली नव्हती.

गुरुवारी आकडा आला आठच्या वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिन्याला नको जायला. हेच चालू ठेवा." मी आनंदाने जगरीत घातली, लग्नात बायका जीभ हलवून लुलुलु ओरडतात तशी, अशी की बाहेर झाडाखाली झोपलेले म्हातारे दचकून उठले, कुणाचं लग्न म्हणून. पुढच्या दोन महिन्यांत दहा, मग अकरा. पोर चालायला लागलं आणि लगेच पळायलाच लागलं. भट्टीकडे बघेना. ओठ असे लाल की शौकी सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "अम्मा, ह्याने काय डाळिंब खाल्लंय?"

एकदा मी फौकियाला विचारलं, "तू एवढी का जळतेस गं चहावर? तुझ्या बापाचा काळा मध खपावा म्हणून?" मी थट्टेनेच विचारलं. तिने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या रौहियाला मी चहावर वाढवलं. मीच. शाळेत बाकावर झोपायची. घरी आली की काम सांगितलं तर बसून राहायची. मी तिला आळशी म्हणायचे, उम्म शौकी. चपलेने मारलंय मी तिला. सात वर्षांची झाली तेव्हा ह्याच डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचलं. आळशी नव्हती गं पोर. तिच्यात रक्तच नव्हतं." रौहिया आता अस्यूतला नांदते, दोन मुलांची आई आहे, चांगली ठणठणीत. पण फौकियाच्या डोळ्यांपुढून ती बाकावर झोपलेली पोर काही हलली नव्हती.

बहगतचं बघून गल्लीत बायका थोड्या नरमल्या. उम्म हिलालसुद्धा मसूर घोटायला लागली. पण चहाचा हात कुणाचा सुटेना. आणि इथे मी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी होती ती घेतली नाही. फौकियाला माझ्या घरात जी युक्ती सापडली, ती तिने घरोघर नेली. जिथे पोर फिकं, तिथे ही दुपारी जाऊन बसायची आणि विचारायची, "ह्यातला बाळाचा पेला कुठला?" आणि उचलून पिऊन टाकायची. वर स्वतःच्या वाटचाही प्यावा लागे, कारण पाहुणीला चहा दिल्याशिवाय कोण सोडतंय? एकेका घरी दोन पेले. बायका हसायच्या. पोरं तिला बघून आपला पेला छातीशी धरायची. कुणीतरी तिचं नावच पाडलं, फौकिया किटली. तीही हसायची.

पुढच्या हिवाळ्यात, गुऱ्हाळं सुरू झाली तेव्हाची गोष्ट. बहगत सव्वादोन वर्षांचा. फौकिया आली, पण उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "जरा दम घेते." मी म्हटलं, "म्हातारी झालीस." ती चाळीसची असेल. मग आत येऊन भट्टीला टेकून बसली. मी चहा ओतत होते. बहगतला आता चहा आठवतही नव्हता, पण माझा हात अजून त्याच्या वाटचा पेला ओतायचाच, आणि तो फौकियाचा ठरलेला. ती बोलत होती, कुणाच्या तरी जावेचं काहीतरी, आणि बोलता बोलता तिच्या हाताने भट्टीच्या कडेची एक ढलपी मोडली. तोंडात घातली. चावली. पुढे बोलतच राहिली.

तिला कळलंही नाही. पण बहगत तिच्यासमोर उभा होता आणि तो बघत होता, आणि मीही बघत होते.

माझ्या हातातली किटली थांबली. मी तिच्या ओठांकडे बघितलं. कानांच्या पाळ्यांकडे बघितलं. वर्षभर ही बाई रोज माझ्यासमोर बसत होती, आणि मी तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"फौकिया," मी म्हटलं, "तू जेवतेस काय?"

"भाकरी असते. लोणचं असतं. चहाने पोट भरलेलं असतं गं, भूकच लागत नाही."

"आणि ती कलेजी? जी कागदातून आणतेस?"

"ती माझी कुठे? खाटकाची बायको पोरांसाठी देते."

"दिवसाला किती घरं?"

ती टाळत होती. मी आवाज चढवला तेव्हा म्हणाली, "अकरा." अकरा घरं, दोन दोन पेले. बावीस पेले चहा, रोज, भाकरीवर.

दोन दिवसांवर गुरुवार होता. मी तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंपुढे नेलं. ती म्हणत होती, "वेडी झालीस का, मागे रांग आहे, पोरं रडताहेत." मी म्हटलं, "रडू देत. बोट दे." डॉक्टरीणबाईंनी टोचलं. यंत्राने आकडा दाखवला. डॉक्टरीणबाई आकड्याकडे बघत राहिल्या, मग फौकियाकडे. सात.

बहगतच्या साडेसहाला मी घाबरले होते. पण ते एवढंसं पोर होतं. ही बाई सात घेऊन दिवसाला अकरा घरं चढत-उतरत होती, खांद्यावर तराजू घेऊन. डॉक्टरीणबाई तिला चार-चौघींत रागावल्या, आणि औषध लिहून दिलं. फौकिया शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून उभी.

मी तिथून निघाले ती घरी गेले नाही. सरळ उम्म हिलालकडे गेले. मग तिच्या पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. माझं सोडून बाकीची दहाही घरं फिरले. माझे गुडघे मला शिव्या घालत होते. प्रत्येक घरी एकच सांगितलं: "आजपासून फौकियाला चहा द्यायचा नाही. पोराचाही नाही, पाहुणचाराचाही नाही."

बायका दचकल्या. एक म्हणाली, "या रब! काय केलं तिने?"

मी म्हटलं, "तुमच्या पोरांच्या वाटचा चहा प्यायली. तुम्हाला ओतणं थांबवता येत नव्हतं, म्हणून ती पीत राहिली. तिचं रक्त सात आहे. आता पोराच्या वाटचा पेला ओताल तर तो तिच्या अंगावर ओतताय असं समजा." उम्म हिलालने आपल्या नातवाचा छोटा पेला फडताळातून काढला, बघितला, आणि त्यात मीठ भरून चुलीशी ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत गल्लीत पाच-सहा घरी मिठाला नवा पेला झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फौकिया माझ्या दारात आली. चेहरा उतरलेला. "उम्म शौकी, गल्लीत मला कुणी चहा विचारेना. चार घरी गेले. ये, बस म्हणतात, पण शेगडी पेटवत नाहीत. माझ्या हातून काही चुकलंय का गं?"

तिला वाटलं, गावाने वाळीत टाकलं. मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. मी म्हटलं, "मीही देणार नाहीये. बस."

ती बसली. शेगडी थंड होती. त्या दिवशी मी स्वतःसाठीही चहा टाकला नव्हता, आणि सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं, ते जाऊ दे. मी भांड्यावरचं झाकण उचललं. तिने नाही, मी. मसूर घोटलेला होता, वर लिंबू. शेजारी एका वाटीत कलेजी, माझ्या चार कोंबड्यांतल्या सगळ्यात चांगल्या कोंबडीची. बहगत आपला चमचा घेऊन आला, तोच, ज्याने ती त्याला भरवायची.

फौकियाने वाटीकडे बघितलं आणि हात मागे घेतला. "ही तर बहगतच्या वाटची आहे."

"आहेच त्याच्या वाटची," मी म्हटलं. "त्याच्या वाटचं खायची-प्यायची तुला सवय आहे. आता मुकाट्याने खा."